नववी फासळी

६ मे, मंगळवार

आज शिवण शिकवणाऱ्या मार्जने पहिल्यांदा माझ्या हातात सुई दिली. फूटभर लांब, गाडीचं तेल मोजायच्या डिपस्टिकसारखी. सहा आठवडे मी त्या शेडमध्ये फक्त लाकूड घासत होते आणि इतरांनी भलतीकडे ठेवलेली हत्यारं जागेवर लावत होते.

बंद पडलेली ही दैनंदिनी या निमित्ताने पुन्हा सुरू करते. काम शिकताना लिहून ठेवावं, ही प्लांटमधली सवय. नायगाऱ्याकडच्या केंब्रिजच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मी तयार गाड्या तपासल्या आणि काय सापडलं ते रोज लिहिलं. रिटायर झाल्यावर तपासायला उरलं ते घर. फ्रिज, डबे आणि शिवराम. शेवटी शिवरामनेच ग्वेल्फच्या लायब्ररीतून एक जाहिरात उतरवून आणली : जुनी विमानं दुरुस्त करणाऱ्या क्लबला हाताने शिवता येणारी माणसं हवीत. "जा," म्हणाला, "त्यांची तपासणी कर. मला जरा जगू दे."

विमान १९४१ सालचं आहे, टायगर मॉथ. पिवळं, एकावर एक अशा दुहेरी पंखांचं. दोनच माणसं बसतात, प्रवासी पुढे आणि पायलट मागे. पंख म्हणजे लाकडी फासळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड. ते कापड प्रत्येक फासळीला मेणदोऱ्याने शिवून घ्यायचं, नाहीतर हवेत ते फासळीपासून सुटून फुगतं आणि पंख पंखासारखा वागत नाही. सोळा ऑगस्टच्या एअरशोमध्ये हे विमान तिकीट काढलेल्या लोकांना घेऊन उडणार आहे, आणि डावीकडचा खालचा पंख अजून उघडा आहे.

पंख उभा करून ठेवतात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला मार्ज. मी सुई पार घालते, ती परत पाठवते. प्रत्येक टाका गाठ मारून आवळायचा, मगच पुढचा. मार्ज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आज ती "पुन्हा" हा एकच शब्द अकरा वेळा बोलली. मला ती आवडली.

११ मे, रविवार

इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनची बुद्धजयंती. हॉल वेळेत उघडला नाही, माईक वेळेत लागला नाही, भाषणं मात्र वेळेपेक्षा लांबली. मी दोघांना बोलले.

एक नवल घडलं. खजिनदार जनार्दनने नेहमीप्रमाणे शिवरामला म्हटलं, "या ना एकदा आमच्या काँडोवर चहाला." आणि शिवराम म्हणाला, "येतो. बाल्कनीत बसू."

जनार्दन सतराव्या मजल्यावर राहतो. सहा वर्षांत शिवराम त्याच्या लॉबीच्या पुढे गेलेला नाही. या माणसाला उंची सोसत नाही. सीएन टॉवर बघायला गेलो तेव्हा मुलगी ऊर्मी आणि मी वर गेलो आणि हा दोन तास खाली बॅगा सांभाळत बसला. नायगाऱ्याला पाण्याकडे पाठ करून पार्किंग लॉट बघत होता. नागपूरला जाताना वाटेकडची सीट घेतो आणि उडताना डोक्यावरून पांघरूण ओढतो. एअर होस्टेसला दर वेळी वाटतं, माणूस गेला की काय.

घरी येताना विचारलं, "बाल्कनीत?"

"हवा चांगली असते म्हणे," म्हणाला.

२० मे, मंगळवार

सात फासळ्या झाल्या. मार्जचं "पुन्हा" आज दोनदाच. फासळी पूर्ण झाली की ती गाठी तपासते आणि कापडावर पेन्सिलीने आपल्या नावाची दोन अक्षरं लिहिते. वर पट्टी आणि रंग चढला की ती अक्षरं कुणाला दिसणार नाहीत. पण ती लिहितेच. बाई शिस्तीची आहे.

मीही माझी एक पद्धत सुरू केली आहे. प्रत्येक फासळीला सारख्याच मापाचा दोरा कापून घेते आणि उरलेला तुकडा फासळीचा नंबर टाकलेल्या पुठ्ठ्यावर गुंडाळून डब्यात ठेवते. डग हसला. डग म्हणजे इथला पायलट आणि मेकॅनिकही. शेवटची सही त्याची असते. "याचा उपयोग काय?" म्हणाला. उपयोग असेल तेव्हा कळेल, असं मी सांगितलं.

घरी आले तर शिवराम छपराची पन्हळ साफ करायच्या शिडीवर, तिसऱ्या पायरीवर, दोन्ही हातांनी शिडी धरून डोळे मिटून उभा. पन्हळीतली पानं जिथल्या तिथे.

"काय चाललंय?"

"उभा आहे."

"ते दिसतंय. पानं कोण काढणार?"

"आज फक्त उभा राहणार आहे. पानं पुढच्या आठवड्यात."

त्र्याहत्तरीत माणसं विचित्र होतात, असं ऐकलं होतं.

२९ मे, गुरुवार

आजचा दिवस छान गेला. मार्जने विचारलं, शिवायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, आईने. मग बोलत गेले. नागपुरात इंदोऱ्याला आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची. घरोघरची लुगडी आमच्या ओसरीवर येऊन पडायची आणि गोधड्या होऊन परत जायची. माझं बी.एस्सी. त्या गोधड्यांवर झालं. अभ्यास करताना दुसऱ्या टोकाने मला शिवायला बसवायची. "टाका आवळू नको," म्हणायची, "गोधडीला श्वास घेता आला पाहिजे."

तिचा एक नियम होता. गोधडीचा शेवटचा टाका ती स्वतः घालत नसे. जो पांघरणार, त्याने घालायचा. लहान मूल असलं तरी त्याचा हात धरून घालून घ्यायची. माझ्या लग्नाच्या गोधडीचा शेवटचा टाका तिने शिवरामकडून घालून घेतला. बी.एस्सी.ला वर्गात पहिला आलेला मुलगा, पण त्याने तो असा तिरपा घातला की आई पदर तोंडाला लावून हसली. ती गोधडी अजून आमच्या पलंगावर आहे आणि तो टाका अजून तिरपा आहे.

मार्ज ऐकताना इतकी रंगली की सुई परत पाठवायला विसरायची. बोलता बोलता अख्खी नववी फासळी संपली. हात नुसता पळत होता. इतक्या सहज अजून एकही फासळी झाली नव्हती. मार्जने अक्षरं लिहिली आणि म्हणाली, "तुझ्या आईला भेटायला आवडलं असतं."

३ जून, मंगळवार

शिवण संपली. फासळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या आणि डोप नावाच्या उग्र वासाच्या रोगणाचा पहिला हात दिला. ते वाळलं की कापड ताणून तबल्यासारखं होतं. बोट मारलं तर वाजतं. डोकं दुखलं, पण पंख देखणा झाला.

डग म्हणाला, शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला एअरशोला एक चक्कर फुकट. मी नको म्हटलं. मी कामाला जाते, जत्रेला नाही. भीतीचा प्रश्न नाही.

१० जून, मंगळवार

डबा आवरत होते. पुठ्ठे ओळीने मांडले. एक ते आठ, दहा ते चौदा : प्रत्येकावर उरलेला दोरा वीतभर, बोटभर इकडे तिकडे. नऊ नंबरवर जवळजवळ दोन हात.

दोरा सारखाच कापला होता. फासळ्याही सारख्याच लांबीच्या आहेत. मग दोरा वाचला कुठे? गाठीत दोरा जातो.

कदाचित मी नववीला जास्त लांब कापला असेन.

मी मापात चुकत नाही.

मार्जने तपासली आहे. तिची अक्षरं आहेत.

२४ जून, मंगळवार

दुसरा आणि तिसरा हात झाला. आता वरून काही दिसत नाही. नवव्या फासळीवरून बोट फिरवून पाहिलं. इतरांसारखीच लागते. गाठीचे उंचवटे पट्टीखाली असतात, नीट कळत नाहीत.

बोलावं का, असा विचार आला. पण बोलले तर पट्टी सोलावी लागेल, रोगण उतरवावं लागेल. पंधरा जणांचं काम माझ्या पुठ्ठ्यापायी मागे जाईल. आणि मार्जची सही खोटी ठरेल, तीही चौऱ्याऐंशीव्या वर्षी. दोऱ्याचा तुकडा म्हणजे पुरावा नाही. प्लांटमध्येही आम्ही नुसत्या संशयावर लाईन थांबवत नसू.

थांबवत होतो. मीच थांबवली होती, दोनदा. पण तो प्रकार वेगळा होता.

ऊर्मीचा व्हँकुव्हरहून फोन. तिला म्हटलं, तुझे बाबा हल्ली भात दुसऱ्यांदा घेत नाहीत, रोज वजन करतात, जनार्दनच्या बाल्कनीत आठवड्यातून तीनदा जाऊन बसतात.

"मॉम, लेट हिम बी," म्हणाली. आणि हसली. आजारी बापावर हसणारी मुलगी मी वाढवली.

१० जुलै, गुरुवार

पंख पिवळा झाला आणि विमानाला लागला.

शिवरामचं काहीतरी बिनसलंय हे नक्की. त्याच्या पँटच्या खिशात आल्याच्या वड्या सापडल्या, आणि मळमळीच्या गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी. मी समोर धरली.

"हे काय?"

"आलं. पचनाला."

"आणि या?"

"जनार्दनच्या घरी चहा फार कडक करतात."

डॉक्टरकडे परस्पर जाऊन आला, हेही मला फार्मसीवाल्याकडून कळलं. "मिस्टर मेश्रामना चक्कर कमी आहे ना आता?" मी हो म्हटलं, जसं काही मला ठाऊकच होतं. एका वर्गात होतो तेव्हापासून आम्ही अरे-तुरे करतो. सासूबाईंना ते कधी आवडलं नाही. पण आमच्यात लपवाछपवी नव्हती. आता हा लपवतोय. रात्री त्याचा श्वास ऐकत पडते. नीट चालू असतो.

२९ जुलै, मंगळवार

डगने विमान उडवून पाहिलं. एकटाच, चाळीस मिनिटं. सगळे शेडबाहेर येऊन उभे होते. मी आत झाडत होते. आवाज थांबेपर्यंत झाडत होते. मार्ज म्हणाली, "जमीन घासून जाईल." 

उतरल्यावर डग खूश होता. म्हणजे पंखाला काही झालेलं नाही. म्हणजे विषय संपला.

मला संध्याकाळी जेवण गेलं नाही. ऊन फार होतं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

डगने माझ्या हातात क्लिपबोर्ड दिला. एअरशोला बसणाऱ्या प्रवाशांची यादी. बारा नावं, वयं, वजनं, फोन नंबर, शेरे. "सगळ्यांना फोन करून वजन पुन्हा विचार. लोक खोटं सांगतात. तुला कुणी खोटं सांगणार नाही." मला बरं वाटलं. पेन काढलं. पहिलं नाव : मेश्राम, शिवराम. वजन एकशे एकाहत्तर पौंड. मार्चमध्ये नोंदवलेलं.

क्लिपबोर्ड घेऊन गाडीत जाऊन बसले. शिडी, बाल्कनी, भात, आलं, गोळ्या. सगळं एकाच वेळी समजलं, आणि मी इतकी मूर्ख कशी, हेही.

मग नववी फासळी आठवली. खरं म्हणजे ती विसरलेच नव्हते. आठ आठवडे होऊन गेले होते. यादीत आणखी अकरा नावं होती. एक जण नातवाने दिलेली वाढदिवसाची भेट म्हणून बसणार होता. एक बाई साठ वर्षांची, एकशे चाळीस पौंड. ती नावं मी ओळखत नव्हते, पण तिथे कुणीतरी बसणार हे मला जूनपासून ठाऊक होतं. त्यांच्यासाठी मी तोंड उघडलं नाही. एक नाव ओळखीचं निघालं तेव्हा काम टाकून गाडीत येऊन बसले. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या निष्काळजीपणावर लाल शिक्के मारले. हे वाक्य इथे राहू दे. पुढे कधी मला स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं तर वाचता येईल.

शेडमध्ये परत गेले. डग आणि मार्ज चहा पीत होते. मी पुठ्ठे टेबलावर मांडले आणि सांगितलं. जूनपासून ठाऊक आहे, हेही सांगितलं.

डग ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने चाकू घेतला, विमानाजवळ गेला आणि नवव्या फासळीवरची पट्टी कापली. पिवळा रंग सालीसारखा निघाला. खाली पहिले सहा टाके गाठीचे, शिस्तीत. सातवा टाका सैल, बिनगाठीचा. आठवाही. चौदाव्यापर्यंत सगळे आईचे. ढिले, समान अंतरावर, अगदी सुरेख. गोधडी असती तर तिने शाबासकी दिली असती.

"श्वास घेता येतोय याला," डग म्हणाला. आईचं वाक्य त्याला मार्जने सांगितलं होतं.

मार्जने चष्मा वर करून शेजारची पेन्सिलची अक्षरं पाहिली. "ही सही माझी आहे," ती म्हणाली. "तू सांगत होतीस आणि मी ऐकत होते. बघत नव्हते."

"विमान पडलं असतं का?" मी विचारलं.

"एका फासळीने? बहुतेक नाही. कापड फुगलं असतं, विमान डावीकडे ओढलं गेलं असतं आणि मी तुम्हा दोघींच्या नावाने शिव्या दिल्या असत्या." मग तो गंभीर झाला. "बहुतेक या शब्दावर मी माणसं बसवत नाही. आणि यशोधरा, पुन्हा असं काही वाटलं तर त्याच दिवशी सांगायचं."

मी हो म्हटलं. बहात्तराव्या वर्षी मी बोलणी खाल्ली आणि मला ती पटली. नऊ दिवस आहेत. शनिवारी शिवायचं, बाकीचे दिवस वाळायला. डगने सगळ्या फासळ्या पुन्हा तपासायचं ठरवलं आहे. माझे बाकीचे पुठ्ठे त्याने मागून घेतले.

तोच दिवस, नंतर

घरी आले. शिवराम पाटवडी करत होता. क्लिपबोर्ड ओट्यावर ठेवला.

"अरेरे," तो म्हणाला.

"मार्चमध्ये?"

"तू सुई हातात घ्यायच्याही आधी. मला ठाऊक होतं तू घेशील."

"तुला पलंगावर चढून बल्ब बदलता येत नाही!"

"आता येतो. सतराव्या मजल्यावर खाली बघून चहा पितो मी. कप हलतो, पण पितो."

"पण काहून रे?" रागात माझं नागपूर बाहेर येतं.

तो बेसन घोटत राहिला. मग म्हणाला, "पन्नास वर्षं तू मला खिडकीतून काय दिसतंय ते सांगतेस. पांघरुणाखाली मला ऐकू येतं. खाली ढग आहेत, खाली समुद्र आहे, शिवराम, बघ तरी. कधी बघितलं नाही. म्हटलं, एकदा बघायचंच तर तू शिवलेल्यावर बसून बघू. दुसऱ्या कुणाच्या कामावर माझा विश्वास नाही."

मग मला नववी फासळी सांगावी लागली. सांगितली. जूनपासूनची. तो गॅस बंद करून ऐकत होता.

"आता नीट होतील?"

"शनिवारी."

"मग शेवटचा टाका माझा," तो म्हणाला. "सासूबाईंचा नियम आहे."

मी म्हटलं, हे विमान आहे, गोधडी नाही. तो म्हणाला, ते तुला मेमध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं.

९ ऑगस्ट, शनिवार

मी शिवलं आणि मार्जने तपासलं. डोळ्यांना भिंग लावून, प्रत्येक गाठीवर नख फिरवून. तोंडातून एक शब्द नाही, मी काही सांगायला लागले की "श्श". तेरा टाके झाले.

चौदाव्याला शिवराम पुढे आला. सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. डगने परवानगी दिली, पण हात बांधून शेजारी उभा राहिला. पहिला टाका तिरपा. मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्या वेळी गाठ उलटी. पुन्हा. तिसऱ्या वेळी मार्ज पलीकडून म्हणाली, "पुन्हा," आणि तिघंचौघं हसली. पाचव्यांदा टाका सरळ पडला आणि गाठ बसली. मार्जने भिंगातून पाहिली, डगने पाहिली, मी पाहिली. शेजारी मार्जने आपली अक्षरं लिहिली, मग पेन्सिल माझ्याकडे दिली. मी माझी लिहिली. शिवरामनेही हात पुढे केला. मी दिली नाही. तपासणाऱ्यानेच सही करायची असते.

घरी येताना म्हणाला, "लग्नाच्या वेळी तुझी आई एवढी कडक नव्हती."

"लग्नाच्या गोधडीतून कुणी खाली पडत नाही."

"तू अख्खी गोधडी तुझ्या बाजूला ओढतेस. मी दोनदा पलंगावरून पडलोय," म्हणाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

डगने पुन्हा उडवून पाहिलं. या वेळी मी बाहेर उभी राहून पाहिलं. सगळं ठीक.

१६ ऑगस्ट, शनिवार

एअरशो. गर्दी, ऊन, फूड ट्रकपुढे रांगा, घरून फोल्डिंग खुर्च्या आणलेली माणसं, सगळ्यांच्या माना वर. कुठूनतरी एक जेट गेलं तेव्हा माझ्या छातीत भांडं पडल्यासारखं झालं. आमचं पिवळं विमान त्या सगळ्यांमध्ये सायकलीसारखं दिसत होतं. जनार्दन बायकोला घेऊन आला होता. "वहिनी, यांना आमच्या बाल्कनीचं भाडं लावतो," म्हणाला. ऊर्मीचा सकाळपासून चौथा फोन. मुलीला मार्चपासून सगळं ठाऊक होतं. तिच्याशी मी नंतर बोलणार आहे.

शिवरामने सकाळी काही खाल्लं नाही. आल्याची वडी चघळत होता आणि विमानाकडे बघत नव्हता.

डग म्हणाला, "पहिला प्रवासी?"

"मी," मी म्हटलं.

"यादीत..."

"यादी माझ्याकडे आहे." क्लिपबोर्डवर मी सकाळीच सर्वांत वर माझं नाव लिहिलं होतं. यशोधरा मेश्राम, एकशे अठ्ठेचाळीस पौंड, खरे. शेडच्या लोकांना एक चक्कर फुकट, असं तुम्हीच म्हणाला होतात, असं सांगितलं. ज्याने चूक केली त्याने आधी बसावं. हा आईचा नाही, माझा नियम आहे.

शिवराम म्हणाला, "तुला भीती वाटते."

"मूर्ख आहेस."

पंखाजवळच्या पायरीवर पाय ठेवून पुढच्या खोबणीत उतरायला डगने हात दिला. चार पट्टे. कानावर हेडसेट, डोक्यावर चामड्याची टोपी. पुढचा पंखा कुणीतरी हाताने फिरवून सुरू केला आणि अख्खं विमान थरथरायला लागलं, मीही. गवतावरून धडधडत गेलो, मग धडधड एकदम थांबली. वाटलं इंजिन बंद पडलं. इंजिन चालू होतं, जमीन सुटली होती.

मी ठरवलं होतं की फक्त नववी फासळी बघायची. बसल्या जागेवरून डावा खालचा पंख पूर्ण दिसतो. बाहेरून मोजत नऊवर आले आणि तिथे नजर रोवली. पट्टी सपाट. कापड ताठ. वारा गालावर इतक्या जोरात की डोळ्यांतून पाणी. वळण घेतलं तेव्हा पंख खाली झुकला, आणि फासळीच्या पलीकडे, माझी इच्छा नसताना, जग दिसलं. मक्याची शेतं, त्यांच्या कडेने नदी, एक लाल कौलारू घर, त्याच्यामागे पोहण्याचा तलाव कुणी साफ न केलेला. दूर केंब्रिजच्या बाजूला एक लांबलचक पांढरं छप्पर. आमचा प्लांट. सत्तावीस वर्षं मी त्याच्याखाली उभी होते, वर छत किती आहे ते कधी पाहिलं नव्हतं. काडेपेटीएवढं होतं.

डग म्हणतो, मी ओरडले. मला आठवत नाही. तो म्हणतो, मराठीत काहीतरी, दोनदा, आणि मग हसत होतीस. हेडसेटमध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज आला असेल.

फिरून मैदानावर आलो तेव्हा खाली सगळी गर्दी बोटाच्या पेराएवढी होती. त्यात एकच माणूस कुंपणाला लागून उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, मान पूर्ण मागे टाकून. जनार्दन नंतर म्हणाला, बारा मिनिटं त्याने मान खाली केली नाही. शेजारच्या मुलीने पाणी दिलं तर तेही वर बघतच प्यायला, अर्धं शर्टावर.

उतरले. टोपी काढून मी शिवरामच्या हातात दिली.

"धरलं का?" त्याने विचारलं.

"माझे तेरा धरले. शेवटचा तुझा आहे. जा, बघून ये."

त्याने टोपी घातली. उलटी घातली, मी सरळ केली. पट्टा हनुवटीखाली आवळला आणि तपासला. मग तो गेला, मागे न बघता, पायरीवर पाय ठेवून, जनार्दनच्या बाल्कनीत शिकल्यासारखा. विमान गवतावरून धावलं आणि सुटलं. मी कुंपणाशी, तो उभा होता तिथेच उभी राहिले. ओलं गवत होतं तिथे, त्याने सांडलेल्या पाण्याने.

बारा मिनिटांनी उतरला. चेहरा पांढरा, डोळे लाल, केस उभे.

"डोळे उघडले होतेस का?" मी विचारलं.

"यशोधरा," तो म्हणाला, "त्या लाल घराच्या मागे पोहण्याचा तलाव आहे. हिरवा पडलाय अगदी. काहून साफ करत नाहीत ते लोक?"

मग यादीतल्या पुढच्या नावाला मी हाक मारली. नातवाची भेट मिळालेले आजोबा. त्यांचा हनुवटीचा पट्टा मी स्वतः तपासला. उरलेल्या दहांचाही तपासला.

१७ ऑगस्ट, रविवार

उशिरा उठलो. शिवराम डिसेंबरच्या नागपूरच्या तिकिटांसाठी कॉम्प्युटरपुढे बसला आहे. खिडकीची सीट घेणार म्हणतो. मी सांगितलं, खिडकी माझी आहे, पन्नास वर्षांची. वाद चालू आहे. भात मात्र त्याने दोनदा घेतला.